बटव्याबाहेरचं आरोग्य

पाणी भरून आणलं की हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचा तुकडा चारपदरी करून धरायचा आणि त्यातून पाणी ओतायचं, ही आपल्याकडच्या घराघरांतली रीत. तिला कुणी शास्त्र म्हटलं नाही की औषध म्हटलं नाही. काडीकचरा, शेवाळ, किडे वर राहतात, पाणी नितळ दिसतं, एवढाच हिशेब. २००३ साली रीटा कोलवेल या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात केलेल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथल्या बायकांना त्यांनी जुन्या साडीच्या निदान चार घड्या करून त्यातून पिण्याचं पाणी गाळायला शिकवलं होतं. त्या गावांत पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास निम्म्यानं उतरलं. पटकीचा जंतू इतका बारीक की कुठल्याही कापडातून सहज पार होईल. पण तळ्याओढ्यांच्या पाण्यात तो बऱ्याचदा बारीक कवचधारी जिवांच्या अंगाला चिकटून असतो आणि ते जीव चारपदरी कापडात अडकतात. त्यातही नवं कापड तितकं उपयोगाचं नाही. धुऊन धुऊन विरलेल्या साडीचे धागे मऊ होऊन पिंजतात, त्यांच्यामधली भोकं बुजत जातात आणि गाळणं घट्ट होतं.

नारूचंही असंच. नारू झालेला माणूस प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता म्हातारी झाली आहे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून घागर बुडवायची, त्याच पाण्यात पाय बुडायचे, कुणाच्या पायाला नारूची जखम असेल तर त्यातून अळ्या पाण्यात पडायच्या. पटकीच्या जंतूला पाठीवर घेणाऱ्या कवचधारी जिवांच्याच जातकुळीतला सायक्लॉप्स त्या अळ्या गिळायचा आणि पाण्याबरोबर तो माणसाच्या पोटात जायचा. मग साधारण वर्षभरानं पायाला फोड येऊन त्यातून हातभर लांबीचा पांढरा दोरा बाहेर यायचा. तो तुटू न देता रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत न्यायचा, हा त्यावरचा उपाय. वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे याहून वेगळं काही नव्हतं. आजही नाही. नारूचं औषध कधीच सापडलं नाही, तरी नारू गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० च्या फेब्रुवारीत देश नारूमुक्त जाहीर झाला. तो गेला पाणी गाळल्यामुळे, विहिरींच्या पायऱ्या बंद केल्यामुळे, हातपंप बसवल्यामुळे.

आजीबाईचा बटवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुंठ, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग येतात. लुगड्याचा हा तुकडा त्या बटव्यात नसतो. माझं म्हणणं असं आहे की जुन्या घरांत जे काही आरोग्य होतं, त्याचा फार मोठा भाग या बटव्याबाहेर होता. तो पाणी ओढण्यात, गाळण्यात, उकळण्यात, घासण्यात, उन्हात घालण्यात आणि आजाऱ्याजवळ बसून राहण्यात होता. ही सगळी कामं होती आणि ती करणारी माणसं ठरलेली होती. बटव्याची आरती करणारे आणि बटव्याला हसणारे, दोघंही मुळ्या आणि पाल्यावरच भांडत बसले आहेत. त्यामुळे ही कामं आणि ती माणसं कुणाच्या नजरेत येत नाहीत.

कोकणात माझ्या आजोळी न्हाण्याचा दिवस आदल्या रात्रीच सुरू व्हायचा. शिकेकाईच्या शेंगा, फोडलेले रिठे, मूठभर आवळकाठी पातेल्यात भिजत पडायची. पहाटे आडावर रहाटाचा आवाज सुरू व्हायचा. मामी एकामागून एक कळश्या ओढून बंबात ओतायची आणि बंबाखाली करवंट्या, चुडतं, पातेरा सरकवायची. शिकेकाई उकळून, कोमट झाल्यावर हातानं कुस्करून, फडक्यातून पिळून घ्यायची. ते तपकिरी, फेसाळ, डोळ्यांत गेलं की आग आग करणारं पाणी लांब केसांच्या मुळांपर्यंत पोचवायला दुसऱ्या बाईचे हात लागत. घरातल्या बायका एकमेकींना न्हायला घालत. बंब निवला की खालची राख चाळून डब्यात भरायची. तीच राख भांड्यांना, तीच दातांना आणि तीच परसातल्या भाजीवर भुरभुरायला. न्हाणीघराचं पाणी अळवाला आणि केळींना जाई. घरात काहीच वाया जात नसे, असं आपण कौतुकानं सांगतो. मामीची अख्खी सकाळ त्यात जाई, हे सांगायचं राहून जातं.

यातल्या एकाही गोष्टीत गूढ नाही आणि त्यामुळे तिचं मोल कमी होत नाही. लाकडाच्या राखेत क्षार असतात, ते तेलकटाशी मिळाले की साबणासारखंच काम करतात, म्हणून राखेनं घासलेल्या कढईचा ओशटपणा जातो. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाचं फेस आणणारं द्रव्य असतं. पितळेवरचं हिरवं चिंचेच्या आंबटानं सुटतं. गोधड्या उन्हात टाकल्या की ओल जाते आणि ढेकूणही पळतात. बाळंतिणीच्या खोलीत ओव्या-बाळंतशेपांची धुरी देत, तिच्या गुणांबद्दल मला शंका आहे. पण त्या खोलीत पाणी उकळलेलंच जाई, ही शिस्त शंभर नंबरी होती. घासणं, उकळणं, गाळणं, वाळवणं या चार क्रियांवर जगातल्या कुठल्याही जुन्या समाजाची स्वच्छता उभी आहे. आपलीही त्यांच्यावरच उभी होती.

त्याच सकाळी, त्याच न्हाणीघराशेजारी, त्याच राखेच्या डब्याजवळ आणखी एक डबी असायची. मशेरीची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावून बसायचं. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत लाखो बायकांचा दिवस अशा मशेरीनं सुरू झाला. दात साफ होतात, पोट साफ होतं, डोकं हलकं होतं, असं त्या सांगत. तिनं तोंडाचा कर्करोग होतो आणि गरोदरपणी लावली तर मूल कमी वजनाचं जन्मतं, हे आता पक्कं ठाऊक आहे. कडुलिंबाच्या दातवणाचे गोडवे गाणाऱ्या लेखांत मशेरीचं नाव येत नाही. पण दोन्ही एकाच ओसरीवरच्या गोष्टी आहेत. जुनं म्हणून चांगलं असं म्हणायचं असेल, तर मशेरीलाही चांगलंच म्हणावं लागेल.

आता बटवा उघडू. त्यात खरोखर गुणाच्या वस्तू होत्या, हे मान्य करायला कुणी कचरू नये. दाढ ठणकली की लवंग धरायची. लवंगेतलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. पोट धरलं की ओवा चावायचा, बद्धकोष्ठाला एरंडेल, मुक्या माराला आंबेहळद आणि तुरटीचा लेप, खोकल्याला आलं आणि मध. पण एक गोष्ट विसरून चालत नाही. सर्दी, अपचन, साधा ताप, मुका मार ही दुखणी बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपली आपणच जातात. त्या दिवसांत दुखणेकऱ्याला ऊब, गरम काहीतरी पोटात आणि जवळ कुणीतरी लागतं. काढ्यानं ही तिन्ही मिळत. म्हणून काढ्याची कीर्ती झाली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण त्यापुढे सुरू होते. जो काढा सर्दीला पुरला तोच विषमज्वरालाही पुरेल, असा विश्वास बसतो आणि डॉक्टरकडे जायला उशीर होतो.

हळदीची गोष्ट या संदर्भात पुन्हा नीट वाचण्यासारखी आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनं त्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. आपल्याला अभिमान वाटला तो रास्तच होता. पण ते रद्द कशामुळे झालं? हळद जखमेवर वापरायची पद्धत आधीपासून माहीत होती, याचे लेखी दाखले परिषदेनं पुढे ठेवले. त्यांत जुना संस्कृत ग्रंथ होता, तसाच १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. हळदीनं जखम किती आणि कशी भरते, हा प्रश्न त्या निकालात नव्हताच. आपल्याकडे मात्र त्या विजयाचा अर्थ ‘हळदीचा गुण अमेरिकेनं मान्य केला’ असा पसरला. आणि दुसरी गोष्ट त्याहून बोचणारी आहे. पिढ्यान्‌पिढ्या कापल्या बोटावर हळद दाबणाऱ्या कोट्यवधी बायकांची साक्ष तिथे चालली नसती. कारण त्यांच्या हातचं ज्ञान कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. २००१ साली पारंपरिक ज्ञानाची संगणकीय नोंद सुरू झाली, तीही आयुर्वेद, युनानी अशा ग्रंथांतल्या ज्ञानापासून. चुलीजवळचं ज्ञान आजही बहुतांशी तोंडीच आहे. ते तोंडी असल्यामुळे त्याची पारखही होत नाही. बरं काय, वाईट काय, दोन्ही सारख्याच श्रद्धेनं पुढे जातं.

‘पूर्वीची माणसं कशी काटक होती’ हे वाक्य प्रत्येक लग्नकार्यात कानावर पडतं. ऐंशीव्या वर्षी विहिरीवरून घागर आणणारी पणजी सगळ्यांना आठवते. तिच्या पाठची किती भावंडं पाळण्यातच गेली, हे कुणाला ठाऊक नसतं. १९४१ ते १९५१ या दशकात भारतात जन्मणाऱ्या माणसाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. लहान मुलं फार मरत, म्हणून ते इतकं खाली होतं. जे तगले तेच आपल्याला भेटले आणि त्यांच्याकडे बोट दाखवून आपण त्या काळाचं प्रगतिपुस्तक भरतो. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडत. पलीकडचं गाव तो आणखी पुढे ढकले. अंगावर देवी आल्या की कडुलिंबाचा पाला अंथरायचा, पण रोगाचं नाव घ्यायचं नाही. त्या लोकांना मी दोष देत नाही. हातात काही नसताना माणूस जे करू शकतो ते त्यांनी केलं. मुंबईत १८०२ च्या जूनमध्ये अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती भारतातली पहिली. देवी देशातून जायला मात्र १९७५ उजाडावं लागलं.

बाळंतघराचं उदाहरण यात सर्वांत अवघड आहे, कारण तिथे माया आणि मृत्यू एकाच खोलीत नांदत. मूल झाल्यावर चाळीस दिवस बाळंतिणीला काम नाही. तेल, शेक, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, गरम पाण्यानं न्हाणं. कामानं पिचलेल्या बाईला आयुष्यात मिळणारी ही एवढीच रजा, आणि तीही पोटभर जेवणाऱ्या घरात. त्याच खोलीत सुईण विळ्यानं, नाहीतर मिळेल त्या पात्यानं नाळ कापायची आणि टोकाला शेणाची नाहीतर गोवरीची राख लावायची. शेणात धनुर्वाताच्या जंतूंची बीजं असतात, ती उष्णतेलाही सहज दाद देत नाहीत. चांगलं दूध पिणारं मूल तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तोंड उघडेनासं व्हायचं, ताठ व्हायचं आणि आठवड्या-दीड आठवड्यात जायचं. पाचवीला सटवाई पुजायची, पाटा-वरवंटा मांडायचा, रात्रभर दिवा तेवता ठेवून जागायचं, या प्रथेमागे याच दिवसांची धास्ती असावी असं मला वाटतं. त्या रात्री जागणाऱ्या बायकांना संकट कधी येतं हे बिनचूक कळलं होतं. ते कुठून येतं हे कळलेलं नव्हतं. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई आणि नाळेला स्वच्छ ब्लेड, एवढ्यानं ते थांबत गेलं. बाळंतिणी आणि नवजात बाळांमधल्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं शिक्कामोर्तब भारतात २०१५ साली झालं.

जुलाबाचंही तसंच. जुलाब लागलेल्या मुलाचं पाणी तोडायचं, म्हणजे आत काही गेलं नाही तर बाहेर काही येणार नाही, हा समज घरोघर होता. आणि त्याच घरांत मीठ घातलेली भाताची पेज पाजायचीही रीत होती. एक मारणारी, एक तारणारी. दोन्ही आजीच्याच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळची सलाइन संपत आली, तेव्हा त्यांनी साखर, मीठ आणि सोड्याचं पाणी पिंपांत भरून ठेवलं. रोग्यांच्या नातेवाइकांना ते पाजत राहायला सांगितलं. छावणीत तीसेक टक्क्यांवर गेलेलं मृत्यूंचं प्रमाण त्यामुळे चार टक्क्यांच्याही खाली आलं. पेजेतला गुण तोच होता. मिठाबरोबर साखर किंवा पिष्ट पोटात गेलं की आतडं पाणी शोषून घेतं. पाजणारे हात आईचे, बहिणीचे, नवऱ्याचे होते. त्यांच्या हाती बिनचूक माहिती पडली एवढाच काय तो फरक, आणि त्या फरकानं माणसं जगली.

आता सोवळ्याकडे वळावं लागेल. आपली स्वच्छता जगात कशी श्रेष्ठ होती, हे सांगताना हमखास सोवळ्याचा दाखला देतात. बाहेरून आल्यावर पाय धुणं, जेवणाआधी हात धुणं, उष्टं वेगळं ठेवणं या सवयी चांगल्याच. पण सोवळं आणि स्वच्छता यांची गाठ पक्की नव्हती. काल वाळत टाकलेलं, कुणी न शिवलेलं धोतर सोवळ्यात चाले, मग त्यावर धूळ का बसली असेना. आत्ता धुऊन आलेल्या माणसाचा स्पर्श चालत नसे, तो माणूस कोण आहे त्यावरून. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आहे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, मग ते मीठ का असेना. हा एका माणसाचा अतिरेक होता, पण त्या विचाराला टोकापर्यंत नेलं की तो तिथेच पोचणार होता.

आणि महाड. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायलं. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळं बाटलं म्हणून ते शुद्ध करून घेतलं. १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं आणि मंत्र म्हणून ते पाणी परत तळ्यात सोडलं. गाव ज्या तळ्याचं पाणी पितं त्यात शेण घालून ते शुद्ध झालं, असं शिकलेली माणसं मानत होती. तळ्यावर सर्वांचा हक्क आहे हे मुंबई उच्च न्यायालयानं सांगायला १९३७ साल उजाडलं. पूर्वीच्या वैयक्तिक स्वच्छतेबद्दल बोलताना हा प्रसंग मला टाळता येत नाही. रोज अंघोळ, धुतलेले कपडे, घासलेली भांडी या सगळ्याला आधी पाणी लागतं, आणि पाण्याच्या काठावर कुणी उभं राहायचं हे जातीनं ठरलेलं होतं. ज्यांना आडाच्या दहा हात दूर उभं राहून कुणी ओतेल त्या पाण्याची वाट पाहावी लागे, त्यांना वर अस्वच्छ म्हणायचं, असा हा न्याय होता. दुसऱ्यांचा मैला डोक्यावरून वाहणाऱ्यांच्या श्रमावर वाड्यांची स्वच्छता चाले, आणि घाणेरडे ठरत ते वाहणारेच.

म्हणून स्वच्छतेचा आपला खरा वारसा मला वाड्यांपेक्षा खराटा घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे दिसतो. गाडगेबाबा गावात शिरले की आधी रस्ते झाडत, गटारं उपसत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात धारेवर धरत. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करायचा हक्क मागून १९३२ साली उपोषण केलं, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचं खत करणारे संडास घडवण्यात शक्ती घातली. दोघांनीही घाण आणि ती काढणारा माणूस यांना जोडणारा दोरा तोडायचा प्रयत्न केला. बटव्याच्या पुस्तकांत यांची नावं नसतात.

बायकांच्या स्वतःच्या शरीराकडे तर हा बटवा फारसा पोचलाच नाही. पाळीच्या दिवसांत बाजूला बसवायचं, त्याला विश्रांती म्हणायचं, आणि कापडं मात्र कुणाला दिसू नयेत म्हणून कोनाड्यात, अंधारात, ओलसर जागी वाळवायची. गोधड्यांना ऊन मिळे, या कापडांना मिळत नसे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. १९८९ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्यासाठी आधी कधी तपासून घेतलेल्या बायका मूठभरच निघाल्या. इतक्या जणी सहन करत होत्या आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. सगळ्या घराचं दुखणंखुपणं पाहणाऱ्या बाईचं दुखणं पाहायला कुणी नव्हतं.

मग टाकूनच द्यायचं का सगळं? नाही. बाळगुटीकडे जवळून पाहू. सकाळचं कोवळं ऊन आलं की आजी सहाण धुऊन घेते, तिच्यावर आईच्या दुधाचे थेंब टाकते आणि एकेक मुळी उगाळते. हळकुंडाचे इतके वेढे, मुरुडशेंगेचे इतके, जायफळाचा जेमतेम अर्धा, नाहीतर मूल गुंगून पडेल. बाळ वाढेल तसे वेढे वाढवायचे. ही मात्रेची पद्धत आहे आणि त्यामागे काळजीपूर्वक पाहणं आहे. मात्र आज बालरोगतज्ज्ञ सांगतात की पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको. त्यांचंच खरं आहे. सहाणेवरून, मुळीवरून, बोटावरून जंतू पोटात जातात आणि वेखंडासारखी मुळी इतक्या लहान जिवाला देण्याजोगी नाही. गुटी सोडावी. पण तिच्याभोवती जे घडत होतं ते सोडू नये. रोज सकाळी एक अनुभवी बाई बाळाला उघडं करून मांडीवर घेई. त्याचं पोट फुगलंय का, शी कोणत्या रंगाची, हातपाय सैल आहेत की ताठ, रडणं नेहमीचं आहे का, अंग पिवळं दिसतंय का, हे सगळं ती तेल लावता लावता पाहून घेई. बाळाची रोजची तपासणीच होती ती. बाळगुटीच्या बाटल्या आज दुकानात मिळतात. ती मांडी मिळत नाही.

गडचिरोलीत बंग दांपत्यानं नेमकी तीच मांडी कामाला लावली. लहान मुलाचं पोट उडायला लागलं, म्हणजे तिथल्या बोलीत डबा झाला, हे गावातल्या बायकांना ओळखू यायचं. मोजता यायचं नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी एक साधं साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत हात तांबड्या मण्यावर आला तर मुलाला न्यूमोनिया आहे असं समजायचं. सहाणेवर वेढे मोजणाऱ्या हातांना मणी मोजणं जड गेलं नाही. पुढे गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन, ऊब, स्तनपान, जंतुसंसर्गाची लक्षणं आणि गरज पडली तर इंजेक्शन, इथपर्यंत शिकवलं. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ‘लॅन्सेट’नं ते १९९९ साली छापलं. इथे घर तेच राहिलं, बाई गावातलीच राहिली, फक्त मुळीच्या जागी पारखलेलं औषध आलं. घरगुती आरोग्याचा वारसा पुढे न्यायचा म्हणजे काय, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

बाजारानं नेमकं उलटं केलं. त्यानं काम टाकलं आणि मुळी उचलली. शिकेकाईच्या चित्राचा शांपू, कोळशाची टूथपेस्ट, दिवाळीत पाकिटातलं उटणं, गुळवेलीच्या गोळ्या. आजी गुळवेल द्यायची ती तापाच्या चार दिवसांपुरती, आणि देऊन झाल्यावर माणसाकडे लक्ष ठेवायची. करोनाच्या साथीत लोकांनी ती महिनोन्‌महिने, कुणाला न विचारता घेतली. यकृताला इजा झालेल्या अशा सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मानला नाही आणि तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. मला दिसतं ते एवढंच, की बाटलीवर पाहणारी नजर येत नाही आणि थांब म्हणणारं तोंडही येत नाही.

तर ज्यांना जुनी आरोग्यपद्धत परत हवी आहे त्यांना माझा सरळ प्रश्न आहे. पाणी कोण ओढणार, आणि बाळाजवळ कोण बसणार? चुलीच्या धुरात डोळे आणि छाती जाळून पहाटे चारला उठणाऱ्या सुनेनं ते सगळं फुकट केलं, म्हणून ते स्वस्त वाटलं. ती सून आता परत त्या चुलीपुढे बसणार नाही, आणि तिनं बसू नये. घरातली कामं घरातल्या पुरुषांनी वाटून घ्यावीत, हे तर आहेच. पण उरलेलं काम, म्हणजे दुसऱ्यांच्या घरात जाऊन बाळ-बाळंतीण पाहण्याचं काम, आपण समाज म्हणून कुणाकडे तरी सोपवलेलं आहे. गडचिरोलीचा हा नमुना देशभर ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांच्या कामात २०११ पासून घेतला गेला. जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही, आशाताई घरी येते. बाळाला उघडं करून पाहते, वजन करते, ताप पाहते, आईला धीर देते. योजना आली तेव्हा या सगळ्या भेटींचे मिळून तिला २५० रुपये ठरले होते. तिला आपण आजही स्वयंसेविका म्हणतो, तिच्या हातावर मानधन ठेवतो, आणि पगारासाठी तिला रस्त्यावर बसावं लागतं. तिला नोकरीत घ्या, ठरलेला पगार द्या, तिच्या आजारपणाची रजा धरा. बटव्याबद्दल ज्यांना मनापासून प्रेम आहे त्यांनी पुढच्या मोर्चाला तिच्या शेजारी उभं राहावं.